माडी दुरुस्त करण्याआधी

आमच्या घरातल्या मुलांना समुद्रकिनारी घर हवे होते. मोबाइलवर त्यांनी दापोलीची, काशीदची, ग्रीसच्या बेटांवरची घरे पाहिली होती. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, दारात वाळू. सुट्टीत सगळ्यांनी एकत्र जमायला असे एक घर हवे, हा त्यांचा हट्ट.

आम्ही चार भावंडे. दोन भाऊ, दोन बहिणी. तिघांचे संसार कोंढव्यातल्या फ्लॅटमध्ये, एकीचे सासर मुंब्र्याला. अम्मी थोरल्याकडे असतात. समुद्रावर घर घेण्याची ऐपत आमच्यापैकी कुणाचीच नाही. पण आंबेगाव तालुक्यात पारगावला आमच्या मरहूम दादांचे दुमजली घर होते. खाली ओसरी, माजघर आणि रस्त्याकडेची एक खोली, वर माडी. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला, पण घोड नदी तर जवळ होती. डिंभे धरणामुळे आमच्या भागात उसाला बारमाही पाणी आहे. माडीच्या खिडकीतून बघितले तर वाऱ्यावर हलणारा ऊस लाटांसारखाच दिसतो. आम्ही मुलांना म्हणालो, "आपला समुद्र हिरवा आहे, एवढेच."

मुले राजी झाली. आम्हीही खूश झालो. चौघांनी मिळून रक्कम उभी केली आणि एका रविवारी मिस्त्रींना घेऊन गावी गेलो.

घर आठ-नऊ वर्षे बंद होते. कुलूप उघडले तसा ओलीचा वास आला. मिस्त्रींनी आधी वर पाहिले. कौले मंगळुरी, जुन्या छापाची. बरीचशी शाबूत होती, पण सरकली होती आणि त्या फटींतून पावसाचे पाणी भिंतीच्या डोक्यावर उतरत होते. सागाच्या तुळया त्यांनी हातोडीने ठोकून पाहिल्या. जिथे खणखणीत आवाज आला तिथे मान हलवली, जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने खूण केली. तुळईचा मधला भाग सहसा सडत नाही, जे टोक भिंतीत जाते ते सडते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. माडीच्या कडीपाटातल्या काही फळ्या वाळवीने पोखरल्या होत्या. त्या आंब्याच्या होत्या, सागाच्या नव्हत्या.

सगळ्यात वाईट हाल भिंतींचे होते, आणि ते आमच्याच हातून झाले होते. घराच्या भिंती मातीच्या, दोन हात जाडीच्या. साधारण तीस वर्षांपूर्वी आम्ही अब्बांच्या मागे लागून त्यांना आतून-बाहेरून सिमेंटचे प्लास्टर करून घेतले होते. शेजारच्या नव्या घरांसमोर आमचे घर जुनाट दिसते, अशी आम्हाला लाज वाटायची. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हळूहळू हवेत सोडून देते. वर सिमेंट चढवले की ओल आत कोंडते. भिंतीला लोणा लागतो, प्लास्टर फुगते आणि आतली माती भुसभुशीत होते. मिस्त्रींनी एका ठिकाणी छिन्नी मारली, तर परातीएवढा पापुद्रा खाली आला आणि त्यामागून ओली माती.

"हे सगळं काढायला लागतं," ते म्हणाले. "आणि पुन्हा सिमेंट नको. चुनाच पाहिजे. पण चुन्याचं काम आता कोण करतं? माझ्या वडलांना येत होतं. मला प्रमाण नाही आठवत."

तेव्हा आमच्यातल्या कुणीतरी म्हटले, "फुफींना विचारू या."

फुफी म्हणजे अब्बांच्या बहीण. दादांना तीन मुले: अब्बा, चाचा आणि फुफी. त्यांना मंचरला दिले. आता वय पंचाहत्तरच्या पुढे. १९६० साली दादांनी माडी चढवली, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून त्यांना घेऊन आलो. त्या ओट्यावर बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि एकेक सांगू लागल्या, जणू काम काल संपले असावे.

चुना कळीचा हवा. खड्डा करून त्यात विझवायचा. पाणी पडताच तो उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवायचे, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. विझलेला चुना पाण्याखाली झाकून तीन आठवडे तरी मुरू द्यायचा, जास्त मुरला तर अधिक चांगला. मग एक भाग चुना, दोन भाग चाळलेली वाळू, एक भाग विटांचा बारीक भुगा. आणि नुसते पाणी नाही. हिरडा फोडून दोन दिवस भिजत घालायचा, त्यात गूळ विरघळवायचा, ते पाणी गाळून चुन्यात घालायचे. हिरडा आमच्याच तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात होतो, तिकडची आदिवासी कुटुंबे तो गोळा करतात. गूळ तर घरचाच.

"दादा कांद्याच्या वखारीवर हिशेब लिहायला जायचे," फुफी म्हणाल्या. "दिवसभर गवंड्यांना पाणी द्यायला मीच असायची. हिरड्याच्या पाण्याने हात काळे पडायचे. शेवटचा हात देताना चुन्यात नीळ टाकायची, नाहीतर तो पिवळट दिसतो. माझी अम्मा नीळ टाकायची आणि मी ढवळायची. माडीला माझ्याही हातचं पाणी लागलंय."

मुलांना गंमत वाटली. मोबाइलवरची ती ग्रीक बेटांवरची पांढरीशुभ्र घरेही चुन्यानेच रंगवायची रीत आहे. म्हणजे मुलांना हवे होते ते पांढरे आणि निळे आमच्या घरात साठ वर्षांपूर्वीच होते, वरून आम्ही सिमेंट थापले होते.

दुपारी आम्ही जेवायला आत गेलो. फुफी ओट्यावरच बसून राहिल्या. धाकटी त्यांना बोलवायला गेली, तर म्हणाल्या, "इथंच बरं आहे. तुमचं काम चाललंय आत." पिशवी त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली होती. पाहुणी बाई ठेवते तशी.

त्या रात्री कोंढव्याला परतल्यावर आमच्यातल्या धाकटीने विचारले, "घर नक्की कुणाच्या नावावर आहे?"

थोरल्याने ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा काढून ठेवला होता. त्यावर दोन नावे होती, अब्बांचे आणि चाचांचे. दादा १९८८ साली वारले आणि तीन वर्षांनी दादीही गेल्या, तेव्हा वारस म्हणून दोघा मुलग्यांची नावे लागली. फुफींचे नाव कुठेही नव्हते. त्यांनी कुठल्याही कागदावर हक्क सोडल्याची सही केलेली नव्हती. कुणी त्यांना विचारलेच नव्हते.

हिशेब अवघड नव्हता. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से स्पष्ट ठरवून दिले आहेत. बायकोला आठवा भाग, उरलेल्यात मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. दादींचा आठवा भाग त्यांच्या पश्चात याच तीन मुलांकडे याच प्रमाणात आला. म्हणजे सगळ्या घराचे पाच वाटे करायचे: अब्बांचे दोन, चाचांचे दोन, फुफींचा एक. राहत्या घराच्या बाबतीत १९३७ चा शरीअत कायदाही हेच सांगतो. शेतजमिनीचा प्रश्न त्या कायद्यात वेगळा ठेवलेला आहे, त्यासाठी वकिलाला विचारावे लागते. आमच्यापुढे प्रश्न फक्त घराचा होता आणि त्यात शंकेला जागा नव्हती.

आमच्यातले दोघे भाऊ थोडा वेळ गप्प होते. मग एक जण म्हणाला, "फुफींनी कधी मागितला नाही." यावर आमच्या बहिणी जे म्हणाल्या ते लिहायलाच हवे. "आम्ही तरी कुठे मागितला? अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. माडीच्या दुरुस्तीला आमच्याकडून पैसे घेताना आमचा वाटा किती, हे कुणी सांगितलं का?"

नमाजेत चूक होऊ नये म्हणून आम्ही किती जपतो. रमजानमध्ये जकातीचा हिशेब पैशापर्यंत करतो. आणि बहिणीच्या वाट्याची गोष्ट निघाली की आपल्या घराघरांत एकच उत्तर तयार असते: तिच्या लग्नात खर्च केला, ईदला साडी-चोळी देतो. लग्नाचा खर्च वेगळा, ईदची भेट वेगळी आणि हिस्सा वेगळा, हे आम्हाला माहीत होते. फक्त त्याकडे पाहायचे नव्हते.

पुढच्या शुक्रवारी आम्ही चौघे मंचरला गेलो. फुफींनी आमचे बोलणे ऐकून घेतले आणि लगेच हात जोडले. "मला काही नको रे. वाटा घेतला की माहेर तुटतं. मला माझं माहेर राहू द्या."

असे उत्तर आले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. खरे सांगायचे तर आमच्यातल्या एक-दोघांनी टाकलाही. पण परतताना ज्या मौलानासाहेबांना आम्ही भेटलो, त्यांनी तो श्वास पुन्हा अडकवला. ते म्हणाले, "आधी मोजून द्या. हातात आल्यावर तिने ठेवावे किंवा कुणाला द्यावे, तिची मर्जी. माहेर तुटेल या भीतीने दिलेला नकार धरून चालू नका." आम्ही विचार केला, बहीण वाटा मागेल तर तिच्याशी बोलणे तोडायचे, ही रीत तर आमच्यासारख्यांनीच पाडलेली. भीती आम्ही घालायची आणि त्या भीतीतून आलेल्या 'नको'ला तिची मर्जी म्हणायचे, हे कुठल्या हिशेबात बसते?

मग चाचांना फोन केला. चाचा भडकले. "पस्तीस वर्षं घरपट्टी कुणी भरली? कौलं कुणी चाळली? तेव्हा बहीण कुठं होती?"

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. खर्च झाला होता. म्हणून आम्ही अब्बांची ट्रंक उघडली. अब्बांनाही दादांसारखी हिशेब लिहायची सवय होती. एका लांबट वहीत घरपट्टी, कौलांची मजुरी, दाराची कडी, सगळे तारखेनिशी होते. आणि त्याच वहीत दुसरी बाजूही होती. रस्त्याकडेची खोली १९९१ ते २०१६, म्हणजे पंचवीस वर्षे, दुकानाला भाड्याने दिलेली होती. सुरुवातीला महिना दीडशे रुपये, शेवटी बाराशे. दर वर्षाच्या शेवटी भाडे दोघा भावांत निम्मे-निम्मे वाटलेले. घरपट्टी आणि दुरुस्ती वजा जाताही शिल्लक राहत होती, आणि त्या शिलकीतला पाचवा वाटा फुफींचा होता.

ती वही आम्ही बराच वेळ बंद केली नाही. अब्बा प्रामाणिक माणूस होते. दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त दिले तर परत द्यायला जायचे. बहिणीचा वाटा मात्र त्यांच्या ध्यानातही आला नसावा, कारण आजूबाजूला कुणाच्याच येत नव्हता. मय्यताचे कर्ज आधी फेडायचे आणि मग वाटणी करायची, हा नियम आहे. अब्बांच्या वाट्याला आलेल्या भाड्यात फुफींची जी रक्कम निघाली, ती आमच्यासाठी अब्बांचे कर्ज होती. माडीसाठी जमवलेल्या पैशांतून आम्ही ती आधी बाजूला काढली. चाचांच्या निम्म्याचा हिशेब आम्ही कागदावर लिहून त्यांना पाठवला. तो त्यांच्यावर सोपवला.

त्यामुळे माडीच्या यादीतून बरेच काही गेले. माडीवरचे न्हाणीघर गेले. उसाकडे तोंड करून काढायचा सज्जा गेला. पांढरे लाकडी सोफे, दोरीचे झुले आणि शिंपल्यांचे झुंबर गेले. मुलांची तोंडे उतरली. आम्ही वही त्यांच्यासमोर ठेवली. दहावीतल्या मुलीने स्वतः बेरीज करून पाहिली आणि म्हणाली, "मग हे पैसे आपले नव्हतेच की."

रक्कम घेऊन पुन्हा मंचरला गेलो. फुफींनी या वेळी हात जोडले नाहीत. नोटा मोजल्या नाहीत, पण वही मागून घेतली आणि भावाचे अक्षर बराच वेळ पाहत राहिल्या. मग पैसे पदराखाली घेऊन आत कपाटात ठेवून आल्या. आमच्यातल्या काहींना वाटले होते की त्या रक्कम परत करतील, कथांमध्ये होते तसे. त्यांनी परत केली नाही, आणि करायचे काही कारणही नव्हते. घराच्या वाट्याचे काय, पैसे घ्यायचे की नाव लावायचे, असे विचारले. त्या म्हणाल्या, "पैसे संपतात. नाव लावा."

नाव लावणे आता सोपे आहे, असे कुणी समजू नये, पण मार्ग आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक दिले जाते. आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे गावठाणात आहेत. त्या पत्रकावर कुणाची नावे लागतात, याकडे आताच लक्ष दिले पाहिजे. एकदा दोघा भावांची नावे छापली गेली की बहिणीला पुन्हा तीस वर्षे हेलपाटे. आम्ही दादांचा आणि दादींचा मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि जुने उतारे जोडून अर्ज दिला आहे. त्यात अब्बांच्या वाट्यापुढे अम्मींचा आठवा भाग आणि आम्हा चौघांचे हिस्सेही लिहिले आहेत, बहिणींसकट.

कामही सुरू झाले. पावसाळ्याआधी छप्पर उतरवून कौले धुतली, फुटकी बदलली, सडलेल्या वाशांच्या जागी नवे टाकले. तुळयांची सडलेली टोके कापून तिथे सागाचेच तुकडे जोडले, वरून अळशीचे तेल पाजले. सिमेंट काढून भिंती एक उन्हाळा उघड्या ठेवल्या. ओल जायला तेवढा वेळ लागतोच, घाई केली तर चुनाही धरत नाही. खड्ड्यातला चुना दीड महिना मुरला. मिस्त्रींनी पहिला घमेलाभर माल फुफींना दाखवला. त्यांनी चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "वाळू जरा जास्त झालीय." मिस्त्री हसले, पण दुसरा माल त्यांनी सांगितला तसा केला.

आणखी एक गोष्ट फुफींमुळे बदलली. आमच्या नकाशात झोपायच्या सगळ्या खोल्या माडीवर होत्या. माडीचा जिना भिंतीच्या जाडीत काढलेला, अंधारा आणि उभा. फुफी तो चढू शकत नाहीत, अम्मीही नाहीत. म्हणजे ज्यांचे घर, त्यांनाच त्यात झोपायला जागा नव्हती. मग दुकानाची ती रस्त्याकडेची खोली आम्ही दोघींसाठी केली. शेजारी कमोड असलेले न्हाणीघर, धरायला दांडी, वुजूसाठी बसून वापरता येईल असा नळ. माडीवरच्या न्हाणीघराचे जे पैसे उरले होते ते इथे लागले. मागे परसाला पुरुषभर उंचीची भिंत घातली, कारण मागेच ऊस आहे आणि आमच्या भागात उसात बिबट्या असतो. मोकळे अंगण फोटोत छान दिसते, पण संध्याकाळी पोरांना आत घ्यावे लागते.

सजावट म्हणाल तर फार नाही. दादींचे तांब्याचे हंडे घासून ओसरीत मांडले. बधना आणि पानदान कोनाड्यात. जुन्या साड्यांच्या गोधड्या माडीवर. चटया मंचरच्या बाजारातून आणल्या. मुलांनी दारे-खिडक्या स्वतः निळ्या रंगवल्या. भिंतीला शेवटचा हात द्यायच्या दिवशी बादलीत नीळ किती टाकायची यावर बराच वाद झाला. फुफी खुर्चीवर बसून "अजून एक चिमूट, बस" असे सांगत होत्या आणि धाकटीची मुलगी काठीने ढवळत होती.

चाचांचा राग गेला आहे, असे आम्ही लिहू शकत नाही. बकरी ईदला ते आले, ओट्यावर उभ्याने चहा घेतला, फुफींना सलाम केला आणि गेले. त्यांना पाठवलेल्या कागदाचे उत्तर अजून आलेले नाही. आमच्या अर्जाचे काम त्यांच्या सहीशिवायही पुढे सरकते आहे, पण सही झाली तर बरे. आम्ही दुआ करतो आणि दर महिन्याला फोन करतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे पारगावला होतो. फुफी चार दिवस राहायला म्हणून आल्या आणि बारा दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावून स्वयंपाकघराचा ओटा दोन इंच खाली घ्यायला लावला. आम्हाला विचारले नाही. त्यांची पिशवी आता आतल्या खोलीत खुंटीला असते.

आमच्यासारखे जुने घर दुरुस्त करायला निघालेल्या कुटुंबांना आमचा सल्ला एवढाच आहे. आधी उतारा काढा आणि त्यावर ज्यांची नावे नाहीत त्यांची यादी करा. मग छप्पर बघा, मग भिंती. रंग सगळ्यात शेवटी.